चार शहरं, सहा रात्री आणि मैत्रिणीचा व्हिसा

प्रश्न : ताई नमस्कार, मी मूळची सांगलीची, सध्या ड्रेस्डेनला मास्टर्स करतेय. परीक्षा संपल्या की एप्रिलमध्ये लेक्चर सुरू व्हायच्या आधी थोडे दिवस मोकळे आहेत. शाळेपासूनची माझी मैत्रीण इंग्लंडमध्ये लीड्सला शिकते, तिलाही ईस्टरची सुट्टी आहे. ती विमानाने बर्लिनला उतरणार, एक रात्र माझ्या रूमवर, मग प्राग 2 रात्री, व्हिएन्ना 2, ब्रातिस्लाव्हा आणि बुडापेस्ट 1-1. दोघी शाकाहारी, बजेट अगदी टाइट. तिकिटं आत्ता स्वस्त दिसतायत तर काढून टाकू का? आणि माझं रेसिडन्स परमिटचं कार्ड अजून हातात आलेलं नाही, पासपोर्टवर फक्त व्हिसा आहे, त्याने कुठे अडेल का?

उत्तर : अगं थांब, तिकिटं अजिबात काढू नकोस! आधी मैत्रिणीला एक विचार, तिच्याकडे शेंगेन व्हिसा, म्हणजे जर्मनी, चेकसकट युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा, आहे का. तुझ्या पूर्ण पत्रात त्याचा उल्लेखच नाही आणि मला तीच धास्ती वाटतेय. यूकेचा स्टुडंट व्हिसा म्हणजे युरोप मोकळा असं बऱ्याच मुलांना वाटतं, तसं नाहीये, भारतीय पासपोर्ट असला की तिला वेगळा शेंगेन व्हिसा लागणारच. फी 90 युरो, शिवाय किमान 30,000 युरोचं कव्हर असलेला ट्रॅव्हल इन्शुरन्स. अर्ज प्रवासाच्या 6 महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा 15 दिवस आधी, पण खरी अडचण अपॉइंटमेंटची असते, ईस्टरच्या तोंडावर सगळेच अर्ज करतात. यंदा 2026 मध्ये ईस्टर संडे 5 एप्रिलला आहे, म्हणजे तिने हे वाचल्या वाचल्या लॅपटॉप उघडावा.

आता गंमत बघ, तुमच्या प्लॅनप्रमाणे तिने अर्ज नक्की कुठल्या देशाकडे करायचा? नियम असा की जिथे सगळ्यात जास्त मुक्काम त्या देशाकडे, आणि मुक्काम सारखे असतील तर जिथून शेंगेनमध्ये शिरणार त्या देशाकडे. तुमच्या प्राग 2, व्हिएन्ना 2. म्हणजे फक्त एक रात्र राहणार असली तरी बर्लिनला उतरते म्हणून जर्मनीकडे अर्ज, आणि मग खिडकीतल्या माणसाला समजावत बसायचं की बाई पाच देश का फिरतेय. त्यापेक्षा माझं ऐक, प्राग 4 रात्री आणि व्हिएन्ना 2 कर, सरळ चेक प्रजासत्ताकाकडे (प्राग त्याचीच राजधानी) अर्ज, हॉटेलचं बुकिंग फुकटात कॅन्सल होणारं घ्यायचं आणि व्हिसा हातात पडेपर्यंत रिफंड न मिळणारं काहीही विकत घ्यायचं नाही.

तुझं स्वतःचं मात्र सोपं आहे. पासपोर्टवरचा जर्मनीचा डी व्हिसा, म्हणजे लांब मुक्कामाचा, चालू आहे ना? मग कार्ड नसलं तरी बाकी शेंगेनमध्ये 180 दिवसांत 90 दिवस फिरता येतं. फक्त पासपोर्ट रूमवर ठेवून युनिव्हर्सिटीच्या आयडीवर निघू नकोस, जर्मनीत परत शिरताना हल्ली पोलीस गाडीत चढून तपासतात.

चार शहरांना माझा विरोध का, तर बुडापेस्ट प्रागहून गाडीने सात तासांच्या आसपास आहे, एका रात्रीसाठी जाऊन काय बघणार, पुलावर उभं राहून फोटो. त्यात पैसे तीन प्रकारचे, चेकचे कोरुना, हंगेरीचे फोरिंट, बाकी युरो. बुडापेस्ट पुढच्या सुट्टीला ठेव, ते कुठे पळत नाही. ब्रातिस्लाव्हाचंही तेच.

ड्रेस्डेन ते प्राग अडीच तासांच्या आतबाहेर. तुझं डॉइचलांडटिकेट, म्हणजे जर्मनीतला महिन्याचा प्रवासाचा पास, जो आता 63 युरो झालाय, ते या इंटरसिटी गाडीला चालत नाही, वेगळं तिकीट काढ. जाताना डाव्या बाजूला खिडकी पकड, एल्बे नदी तिकडूनच दिसते, बाड शांडाउच्या आसपास वालुकाश्माचे कडे अगदी नदीत उतरल्यासारखे वाटतात. मोबाईल त्यावेळी बॅगेत.

प्रागमध्ये एका गोष्टीला मी स्वतः फसलेय. तिथे मेट्रोला आपल्यासारखी फाटकं नाहीत, सरकत्या जिन्याच्या अलीकडे एक छोटं पिवळं मशीन असतं, त्यात कागदी तिकीट सरकवायचं, टक आवाज येतो आणि त्यावर वेळ छापली जाते. मी तिकीट काढलं, पर्समध्ये जपून ठेवलं आणि खाली गेले, साध्या कपड्यातल्या एका बाईंनी बिल्ला दाखवला आणि कोऱ्या तिकिटावर मला दंड झाला. तिकीट आहे हो, तिकीट आहे म्हणून मराठी मिसळून सांगत होते, काही उपयोग नाही. तेव्हा ती टक ऐकल्याशिवाय खाली पाऊल टाकायचं नाही.

पैशांचं पण तसंच. एटीएम विचारतं की आमच्या दराने रक्कम तुमच्या चलनात कन्व्हर्ट करून देऊ का, नको म्हणायचं, नेहमीच. रस्त्यात कोणी नोटा बदलून देतो म्हणाला तर मान हलवून पुढे, तो बल्गेरियाच्या जुन्या नोटा हातात टेकवतो. एक्स्चेंजच्या दुकानात फसलात तर मात्र चेक कायद्यात सोय आहे, 1000 युरोपर्यंतचा व्यवहार 3 तासांच्या आत रद्द करता येतो, पावती टाकू नका. आणि जुन्या चौकातल्या स्टॉलवर पाटीवरचा भाव कशाचा आहे ते आधी विचारा, पुष्कळदा तो 100 ग्रॅमचा असतो आणि हातात प्लेट येते 400 ग्रॅमची.

खाण्याचं टेन्शन नको. स्माझेनी सीर म्हणजे ब्रेडक्रम्स लावून तळलेलं चीज, सोबत बटाटा. ब्रांबोराक हे तर बटाट्याचं थालीपीठच म्हण, किसलेला बटाटा, लसूण आणि मार्जोरम नावाचा वास येणारा पाला, फक्त त्यात मांस नाही ना हे विचारून घे. चौकातला चुलीवर फिरणारा तो गोड पाव, ट्रडेल्निक, खा एकदा, पण त्याला जुनी चेक परंपरा समजू नकोस, ती पर्यटकांसाठीची आहे.

चार्ल्स ब्रिजवर सकाळी साडेसहाला जा. 1357 ला काम सुरू झालेला पूल, दहा वाजल्यावर त्यावर दिवाळीतल्या लक्ष्मी रोडसारखी गर्दी. 1410 चं खगोलीय घड्याळ दर तासाला वाजतं, मूर्ती खिडकीतून फिरून जातात, मिनिटभरात खेळ खल्लास, त्यासाठी अर्धा तास ताटकळू नका. त्यापेक्षा विशेहराडची टेकडी गाठा, द्वोराक आणि स्मेताना या चेक संगीतकारांच्या कबरी तिथेच आहेत आणि खाली व्लतावा नदी. वेन्सेस्लास चौकात बाटाचं मोठं दुकान दिसेल, शाळेत आपण घातलेले ते काळे बूट मुळात चेक, 1894 ला झ्लीन गावात सुरू झालेली कंपनी. मला हे कळायला चाळिशी उजाडली!

ईस्टर मंडेला हातात विणलेल्या विलोच्या काठ्या घेतलेली पोरं दिसली तर घाबरू नका, मुलींच्या पायाला हलकेच फटके मारून रंगीत अंडी घ्यायची तिथली प्रथा आहे. त्या दिवशी मोठी सुपरमार्केटं कायद्याने बंद असतात, खाऊ आदल्या दिवशी भरून ठेवा.

व्हिएन्ना दोन रात्रींत आटोपतं. पाण्याची बाटली विकत घेऊ नका, नळाला 1873 पासून आल्प्सच्या झऱ्याचं पाणी येतंय. संध्याकाळी ऑपेराची उभं राहून बघायची स्वस्त तिकिटं काढा, पाय दुखले तर मध्यंतरात बाहेर पडता येतंच. तिथून मैत्रीण विमानाने परत, तू गाडीने प्रागमार्गे.

प्रश्न : माझी मुलगी लीड्सहून जर्मनीतल्या मैत्रिणीकडे सुट्टीला चाललीय. तिच्यासोबत घरचं साजूक तूप आणि पेढे पाठवले तर चालेल का? मी इथून कुरिअर करणार आहे. – एक आई, सोलापूर

उत्तर : वहिनी, हे वरच्याच जोडगोळीचं प्रकरण दिसतंय! तूप-पेढे नकोत. ब्रेक्झिटनंतर ब्रिटनमधून युरोपियन युनियनमध्ये दूध आणि मांसाचे पदार्थ सामानातून नेता येत नाहीत, कस्टमवाल्यांनी पाहिलं तर कचऱ्यात जातील आणि तुम्हाला वाईट वाटेल. त्याऐवजी शेंगा चटणी पाठवा, दोन पाकिटं, एक सांगलीवाल्या मुलीसाठी. तिच्या घरचं भडंग तिच्याकडे असेलच.