हेगच्या न्यायालयाने दिला तो ‘निकाल’ की ‘अभिप्राय’?

प्रश्न असा: हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २३ जुलै २०२५ रोजी हवामानबदलाबद्दल जे सांगितले, त्याला (इंग्रजीत ‘ॲडव्हायझरी ओपिनियन’) कोणी ‘निकाल’ म्हणते, कोणी ‘सल्ला’, कोणी ‘अभिमत’. बरोबर काय?

‘निकाल’ चूकच. निकाल लागायला आधी वाद हवा. इथे वादी-प्रतिवादी नव्हतेच. पुढाकार प्रशांत महासागरातल्या वानुआतू या द्वीपराष्ट्राचा होता, पण ‘वानुआतूने खटला जिंकला’ असे लिहिता येणार नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २९ मार्च २०२३ रोजी ठराव करून दोन गोष्टी विचारल्या होत्या: हवामान राखण्यासाठी राष्ट्रांची कर्तव्ये कोणती, आणि ती मोडून हानी केली तर कायद्याने काय परिणाम होतात. न्यायाधीशांनी एकमताने उत्तर दिले.

‘सल्ला’ म्हणजे असे करा, तसे करू नका. न्यायालयाने कायदा काय आहे ते सांगितले. ‘अभिमत’ म्हटले की आपल्याकडे आधी अभिमत विद्यापीठ आठवते, म्हणजे ‘तसे मानलेले’. नुसते ‘मत’ही गोंधळाचे, कारण न्यायाधीश आपापली स्वतंत्र मते सोबत जोडतात, याही वेळी अनेकांनी जोडली.

म्हणून माझी पसंती ‘अभिप्राय’ला. मंत्रालयातली फाइल विधी व न्याय विभागाकडे ‘अभिप्रायार्थ’ जाते, तोच हा अर्थ. पहिल्या उल्लेखात ‘सल्लात्मक अभिप्राय’ लिहावे, पुढे नुसते ‘अभिप्राय’ पुरते.

ओळखायची सोपी खूण म्हणजे प्रकरणाच्या नावातला ‘विरुद्ध’. स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात हवामानबदलाच्याच प्रकरणात स्विस ज्येष्ठ महिलांची संघटना विरुद्ध स्वित्झर्लंड होते, म्हणून ९ एप्रिल २०२४चा तो निकाल आणि तो स्वित्झर्लंडवर बंधनकारक. हॅम्बुर्गच्या सागरी कायदा न्यायाधिकरणाने त्याच विषयावर २१ मे २०२४ला दिला तो मात्र अभिप्राय.

सगळ्यात घातक वाक्य हे: ‘अभिप्राय बंधनकारक नाही, म्हणजे राष्ट्रे मोकळी.’ अभिप्राय बंधनकारक नसतो हे खरे. पण त्यात सांगितलेली कर्तव्ये करारांतून आणि रूढीतून आलेल्या कायद्याची आहेत, ती बंधनकारकच आहेत. ही दोन विधाने वेगवेगळ्या वाक्यांत लिहा.

क्रियापदही सांभाळा. अभिप्राय ‘देतात’, ‘सुनावत’ नाहीत. आणि ‘भरपाई ठोठावली’ तर नकोच: न्यायालयाने एकाही देशाला रक्कम भरायला सांगितलेली नाही. कर्तव्यभंग आणि हानी यांचा पुरेसा थेट संबंध दाखवता आला तर भरपाई द्यावी लागू शकते, एवढेच त्यात आहे.