वाचकांचे प्रश्न : वेमोर्कच्या जुन्या वीजघरात

प्रश्न : नॉर्वेत र्युकानजवळचे वेमोर्क संग्रहालय पाहायचे आहे. दुसऱ्या महायुद्धात, 1943 मध्ये, जड पाणी (जड हायड्रोजन असलेले, अणुसंशोधनात लागणारे पाणी) बनवणारे विद्युत घट उडवले ते हेच ठिकाण, एवढेच ठाऊक आहे. यंत्रदालनात काय बघावे? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : ते घट या इमारतीत नव्हते. ते पुढच्या हायड्रोजन कारखान्याच्या तळघरात होते. कारखाना 1977 मध्ये पाडला. तळघर अलीकडे उकरून काढले आहे, तेही पाहा. पण आधी वीजघराला वेळ द्या. 1911 मध्ये सुरू झाले तेव्हा 108 मेगावॉटचे हे केंद्र जगात सर्वांत मोठे होते. वीज शहरांसाठी नव्हती, खतासाठी होती. विजेच्या ठिणगीची चुंबकाने पसरट चकती करायची, तिच्यातून हवा सोडायची, हवेतला नायट्रोजन जाळून नायट्रिक आम्ल करायचे आणि त्यात चुनखडी विरघळवून कॅल्शियम नायट्रेट मिळवायचे, अशी ती बिर्केलँड–आयडे पद्धत. तिला वीज अफाट लागे, म्हणून कारखानाच धबधब्याशी आला.

दालनात दहा यंत्रे आहेत. पाण्याच्या झोताने फिरणाऱ्या पेल्टन चाकाची बकेट, म्हणजे चाकाच्या काठावरची वाटी, जवळून पाहायला मिळाली तर सोडू नका. जोडवाटीसारखा आकार, मधोमध धार. पाण्याचा झोत धारेवर दुभंगतो आणि दोन्ही वाट्यांतून जवळजवळ उलटा फिरून बाहेर पडतो. 300 मीटर उंचीवरून आलेल्या पाण्याचा झोत सेकंदाला सुमारे 77 मीटर वेगाने सुटतो. बकेटचा वेग त्याच्या निम्म्याहून किंचित कमी ठेवला की सर्वाधिक काम मिळते. बाहेरच्या काठाची खाच मुद्दाम ठेवलेली असते, नाहीतर मागून येणारी बकेट झोत अडवेल. वाळूमिश्रित पाण्याने आधी मधली धार बोथट होते, मग पाणी उडू लागते आणि कार्यक्षमता घसरते. त्याहून वाईट म्हणजे बकेटच्या मुळाशी पडणारी चीर. दर फेरीत तिथे झोताचा ठोका बसतो आणि धातू थकतो.

संग्रहालयाकडे दरीवरचा झुलता पूल ओलांडून चालत जावे लागते.

प्रश्न : खोपोलीच्या केंद्रातही पेल्टन टर्बाइन आहेत. लोड (विजेची मागणी) अचानक गेला तर नोझल, म्हणजे झोत सोडणारे तोंड, लगेच बंद का करत नाहीत? (अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, सांगली)

उत्तर : वरून पाणी आणणारा पाइप फुटेल म्हणून. पोलादी पाइपात पाणी सेकंदाला 3 मीटर वेगाने वाहत असेल आणि ते एकदम थांबवले, तर दाबाची लाट सेकंदाला साधारण 1000 मीटर वेगाने मागे धावते. दाब सुमारे 30 बारने (1 बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाइतका) वाढतो. 300 मीटर पाण्याच्या स्तंभाचा दाबच जवळपास 30 बार, म्हणजे तो क्षणात दुप्पट. दुसरीकडे, झोत चालू ठेवला तर मोकळे झालेले चाक बेफाम फिरेल. म्हणून आधी डिफ्लेक्टर झोतात शिरून त्याला चाकाबाहेर वळवतो, आणि नोझलमधली सुई मागाहून सावकाश पुढे सरकून तोंड बंद करते. 1915 च्या खोपोलीत पाणी 500 मीटरहून जास्त खाली येते, त्यामुळे तिथे ही काळजी आणखी मोठी.

प्रश्न : वेमोर्कची यंत्रे आता फिरतात का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : नाही. 1971 पासून ते पाणी डोंगराच्या पोटातल्या नव्या केंद्राकडे जाते.