‘सक्षमीकरण गीत’ की ‘उभारीचं गाणं’?

प्रश्न असा आला आहे: आवडत्या पॉप गाण्यांची क्रमवारी लावताना ‘एम्पॉवरमेंट अँथम’, म्हणजे ऐकणाऱ्याला, विशेषतः बाईला, बळ देणारी गाणी, असा एक गट केला आहे. त्याला मराठीत ‘सक्षमीकरण गीत’ म्हणावं का? आणि ‘सशक्तिकरण’ लिहायचं की ‘सशक्तीकरण’?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. ‘सशक्तीकरण’, ‘ती’ दीर्घ. या शब्दात ‘शक्ति’ नाही, ‘सशक्त’ आहे. जे मुळात तसं नव्हतं ते तसं करणं, हे सांगायला संस्कृतात च्वि प्रत्यय येतो आणि शब्दाच्या शेवटच्या ‘अ’चा दीर्घ ‘ई’ होतो. म्हणून सबलीकरण, सक्षमीकरण, शुद्धीकरण.

पण याच घडणीमुळे मला ‘सक्षमीकरण गीत’ खटकतं. ‘करण’ लागलं की करणारा कुणीतरी दुसरा डोळ्यांसमोर येतो. रस्त्याचं रुंदीकरण रस्ता स्वतः करत नाही. सक्षमीकरणही योजनेतून, धोरणातून होतं. शब्दाला कार्यालयाचा वास लागला आहे. या गाण्यांमधली बाई मात्र कुणी सक्षम करण्याची वाट बघत नसते.

अमेरिकन गायिका ग्लोरिया गेनरचं १९७८चं ‘आय विल सर्व्हाइव्ह’ घ्या. ते आधी तबकडीच्या दुसऱ्या बाजूला टाकलं होतं. डिस्कोतल्या डीजेंनी ती बाजू वाजवायला घेतली आणि १९७९मध्ये गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. त्याची सुरुवातच भीतीच्या कबुलीने होते, आणि तिथून ती बाई ‘मी तगेन’वर येते. ‘मी जगेन’ हे भाषांतर मला अपुरं वाटतं. तगण्यात सोसणं आहे, टिकणं आहे. तग धरावा लागतो, जगणं नुसतं चालूही राहतं.

अमेरिकन गायिका अरीथा फ्रँकलिनचं ‘रिस्पेक्ट’, म्हणजे ‘मान’, हेही असंच. गायक ओटिस रेडिंगने १९६५मध्ये ते लिहिलं आणि गायलं, तेव्हा घरी आलेला पुरुष मान मागत होता. १९६७मध्ये अरीथाने तोच मान बाईच्या तोंडून मागितला आणि त्या शब्दाचं एकेक अक्षर सुटं करून ठणकावलं. ती अक्षरफोड रेडिंगच्या गाण्यात नव्हती. ‘रोलिंग स्टोन’ या अमेरिकन संगीत मासिकाच्या पाचशे सर्वोत्तम गाण्यांच्या यादीत ते २००४मध्ये पाचवं होतं, २०२१मध्ये पहिलं आलं.

म्हणून मी ‘उभारीचं गाणं’ सुचवतो. उभारी आतून येते, मन उभारी धरतं. ‘स्फूर्तिगीत’ चांगला शब्द आहे, पण त्याला देशभक्तीचा रंग पक्का चढलाय.

‘अँथम’चं काय? त्याचं मूळ चर्चमध्ये आळीपाळीने, एका गटाने दुसऱ्याला उत्तर देत म्हणायच्या गायनात आहे. आपल्याकडे त्या जवळ जाणारा शब्द ‘झील’. शाहिरामागून झीलकरी धरतात ती. हजारो चाहते ध्रुवपद गायिकेच्या हातून काढून घेतात तेव्हा ती झीलच असते. गटाचं नाव म्हणून तो शब्द चालणार नाही, पण वर्णनात जरूर वापरा. ‘री ओढली’ मात्र लिहू नका, त्यात स्वतःचं मत नसल्याचा ठपका येतो.

समीक्षकांची तक्रारही मराठीत नेमकी सांगता येते. पॉप गायिका केटी पेरीच्या २०२४च्या ‘वुमन्स वर्ल्ड’वर त्यांनी सडकून टीका केली. घोषणा आहेत, पण त्यामागे कुणा एकीचं जगणं दिसत नाही, असा रोख होता. याला आपल्याकडे ‘उसनं अवसान’ म्हणतात. संस्कृतात अवसान म्हणजे शेवट, मराठीत मात्र धीर, हिंमत. ते गळतं, आणि नसलं तर उसनं आणावं लागतं. ‘पोकळ’ म्हटल्याने नुसती नापसंती कळते, ‘उसनं अवसान’ म्हटलं की गाण्यात नेमकं काय फसलं ते कळतं.

एक राहिलं. चाहते लावतात ती क्रमवारी: पहिलं, दुसरं, तिसरं. समीक्षक तारे देतात ती प्रतवारी, तिथे दहा गाणी एकाच पायरीवर बसू शकतात. तुमच्या यादीत क्रमांक आहेत, तेव्हा मथळा ‘उभारीची गाणी: माझी क्रमवारी’ असा द्या.