शेपटीचं काय करायचं? (वाचकांचे प्रश्न)

प्रश्न : ताई, मी नाशिकला अ‍ॅनिमेशनच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी चायनीज मायथॉलॉजीवर फॅन्टसी गेमचा डेमो केला, ड्रॅगन, पॅगोडा, लाल कंदील सगळं घातलं. सर म्हणाले हे चायनीज हॉटेलच्या मेन्यूकार्डसारखं दिसतंय. नेमकं चुकलं काय?

उत्तर : अरे, तू पाठवलेले स्क्रीनशॉट बघितले, मेहनत दिसतेच आहे. पण तू चित्रं घेतलीस आणि गोष्ट तिथेच सोडलीस. तुझा ड्रॅगन आग ओकतो ना, चीनचा ड्रॅगन, म्हणजे लोंग, पाऊस पाडतो, तो नद्यांचा, समुद्राचा मालक, दुष्काळ पडला की लोक त्याच्या देवळात जाऊन गाऱ्हाणं घालायचे. म्हणजे त्याच्याशी होणारी फाइट पाण्याची असायला हवी, तिथे पहिलं गाडं अडलं.

आता एक प्रसंग सांगते. 'पश्चिमेची यात्रा' ही सोळाव्या शतकातली चिनी कादंबरी, तिच्यात सन वुकोंग नावाचं माकड आहे, दगडातून जन्मलेलं, त्याला बहात्तर रूपं घेता येतात. अर्लांग नावाचा देव त्याच्या मागे लागतो तेव्हा वुकोंग पळता पळता एका छोट्या देवळाचं रूप घेतो. तोंड उघडं ठेवून त्याचं दार केलं, दातांच्या झाल्या दाराच्या फळ्या, जिभेची मूर्ती, डोळ्यांच्या खिडक्या. राहिली शेपूट, तिचं काही करता येईना, मग ती मागे उभी करून तिचा झेंड्याचा खांब केला. अर्लांग आला, बघितलं आणि ओळखलंच, कारण झेंड्याचा खांब देवळाच्या मागे कधी नसतो. आपल्याकडे कुणी दीपमाळ गाभाऱ्याच्या मागे बांधली तर गावातलं पोरसुद्धा म्हणेल ना की हे काहीतरी गडबड आहे, तसंच. मग तो म्हणतो, आधी खिडक्या फोडतो मग दाराला लाथ घालतो, आणि वुकोंग घाबरून उडीच मारतो, कारण ते त्याचे डोळे आणि दात आहेत!

बघ, यात गेमचा अख्खा नियम तयार आहे. रूप कुठलंही घे, एक खूण राहतेच आणि समोरच्याला ती शोधता येते. लपणाऱ्याने शेपूट कुठे ठेवायची आणि शोधणाऱ्याने काय बघायचं, एवढ्यावर तुझा पूर्ण डेमो उभा राहील, कंदील एकही नसला तरी. मी कुठलीही लोककथा वाचते तेव्हा हेच शोधते, की या गोष्टीत कुणाला काय जमतं आणि नेमकं काय जमत नाही.

हांगझोऊच्या गेम सायन्स स्टुडिओचा 'ब्लॅक मिथ : वुकोंग' हा गेम २० ऑगस्ट २०२४ ला आला आणि तीन दिवसांत १ कोटी कॉपी गेल्या. त्यातही हेच केलंय. वुकोंग अंगावरचे केस उपटून फुंकतो आणि त्यांची माकडं होतात, ते तिथे सरळ एक मंत्र म्हणून वापरता येतं. त्याची काठी कादंबरीत १३,५०० जिन (हे चिनी वजनाचं माप) वजनाची, वाटेल तेवढी वाढणारी आणि सुईएवढी करून कानात ठेवता येणारी, तर गेममध्ये ती लांब करून तिच्या टोकावर चढून उभं राहता येतं. आणि देवळं त्यांनी मनाने काढली नाहीत, शांशी प्रांतातली जुनी खरी देवळं, मूर्ती स्कॅन करून घेतल्या. त्यातल्या शिआओशीतियान देवळातल्या, मिंग राजघराण्याच्या काळातल्या मूर्ती भिंतीवरून अक्षरशः लोंबत असतात, त्याचे फोटो नक्की बघ, नुसती नजर ठरत नाही.

प्रश्न : माझा मुलगा दिवसभर तो वुकोंगचा गेम खेळतो. मी म्हटलं हा तर आपला मारुती, त्यांनी उचललाय. तो म्हणतो नाही. खरं काय? – एक बाबा, रत्नागिरी

उत्तर : बाबा, हा वाद चीनमध्येही झालाय. हू शी नावाच्या अभ्यासकांनी १९२३ मध्ये मांडलं की वुकोंगचं मूळ हनुमानात असावं, तर लेखक लू शुन यांना चीनमधलाच वूझीची नावाचा माकडासारखा जलराक्षस त्याच्या मागे दिसला. निकाल काही लागलेला नाही. मला स्वतःला दोघांचे स्वभाव फार वेगळे वाटतात. मारुतीचं बळ रामाच्या पायाशी आहे, आणि वुकोंग स्वर्गाच्या राजाचीच गादी मागतो, म्हणून बुद्ध त्याला पाचशे वर्षं डोंगराखाली ठेवतो, पुढे प्रवासात त्याच्या डोक्यात सोन्याचं कडं घालतात आणि गुरूने मंत्र म्हटला की ते आवळतं. दोघांवर गेम केला तर तो एकच गेम होणार नाही.

पण नातं हवंच असेल तर एक खरं आहे, मुलाला आवर्जून सांगा. त्या कादंबरीतला गुरू म्हणजे आपण शाळेत शिकलो तो ह्युएनत्संग. तो सातव्या शतकात नालंदाला शिकला आणि चालुक्य राजा पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रातही येऊन गेला. इथले लोक उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत अशा अर्थाचं त्याने लिहून ठेवलंय, आणि डोंगरात कोरलेल्या ज्या मठाचं वर्णन केलंय तो अजिंठाच असं बहुतेक अभ्यासक मानतात. मुलगा सुट्टीत गेम खेळेलच, एकदा अजिंठ्यालाही घेऊन जा त्याला.

प्रश्न : वुकोंग सगळेच करतात. दुसरं कोण आहे? – गेम डेव्हलपर, पुणे

उत्तर : खूप आहेत! 'शानहाइजिंग' हा डोंगर-समुद्रांचा प्राचीन ग्रंथ उघडा, नऊ शेपट्यांचा कोल्हा त्यातच आहे. मला सगळ्यात जवळचा वाटतो तो शिंगतियान. देवाशी लढताना त्याचं मुंडकं उडवलं आणि डोंगरात पुरलं, तरी तो थांबला नाही, स्तनाग्रांचे डोळे केले, बेंबीचं तोंड केलं, आणि एका हातात ढाल, दुसऱ्या हातात कुऱ्हाड घेऊन नाचत राहिला. आता याला बॉस, म्हणजे गेममधला मोठा शत्रू, म्हणून उभा करून बघा. त्याचे डोळे छातीवर आहेत, म्हणजे त्याने वार अडवायला ढाल पुढे धरली की त्याला तुम्ही दिसतच नाही, आणि तेवढ्याच वेळात खेळणाऱ्याने त्याच्या पाठीमागे पोचायचं.