रंग सांडलेली गोधडी आणि मेणातला झेंडा

प्रश्न : ताई, मी अमळनेरची, एटीडीच्या (चित्रकला शिक्षक पदविकेच्या) दुसऱ्या वर्षाला आहे. वर्गात दोन अमेरिकन चित्रकारांची कामं दाखवली, जॅस्पर जॉन्सचा पेपर आणि मेणातला अमेरिकन झेंडा आणि रॉबर्ट राउशेनबर्गचं ते अंथरूण, भिंतीला टांगलेलं. मोबाईलवर आईला ते अंथरूण दाखवलं तर ती म्हणे, ‘हाई ते आपलीच गोधडी शे!’ रोजच्या वस्तू चिकटवल्या की चित्र होतं का? आणि पेपर मेणात बुडवून मला पण तिरंगा करायचाय, साधी मेणबत्ती चालेल का?

उत्तर : तुझ्या आईने एका नजरेत ओळखलं बघ, ती गोधडीच आहे. १९५५ साली राउशेनबर्गने खरी उशी, खरी चादर आणि ठिगळं जोडून केलेली गोधडी लाकडी चौकटीवर ताणली, उशीवर पेन्सिलने रेघोट्या मारल्या आणि वरच्या भागावर रंग ओतला, ओघळ तसेच राहू दिले. कॅनव्हासला पैसे नव्हते म्हणून गोधडी घेतली असं सांगतात. पण मला विचारशील तर मुद्दा पैशांचा नाहीच, त्या गोधडीत कुणीतरी झोपलेलं असतं, तिला ऊब माहितीये, आणि ती आडवी असायची ती उभी भिंतीवर आली की आपण दचकतो, ते दचकणं कोऱ्या कॅनव्हासवर कितीही रंग लावून आलं नसतं. म्हणून नुसतं चिकटवून होत नाही, त्या वस्तूचं आधीचं आयुष्य चित्रात शिल्लक राहायला पाहिजे.

जॉन्सचं उलटं आहे. १९५४ मध्ये त्याला स्वप्न पडलं की आपण मोठा झेंडा रंगवतोय, आणि उठून तो कामाला लागला, वय २४. त्या वेळी न्यूयॉर्कमध्ये पोलॉक, डी कूनिंग या चित्रकारांचा जोर होता, मनातली सगळी खळबळ कॅनव्हासवर आली पाहिजे असं वातावरण, आणि याने घेतला काय तर झेंडा, ज्याची रचना आधीच ठरलेली! पट्टे किती, चांदण्या किती (तेव्हा ४८ होत्या, अलास्का आणि हवाई नंतर आले), काहीच ठरवायचं नाही. मग सगळं लक्ष हात कसा फिरतो यावर. आधी घराला लावायचा इनॅमल रंग घेतला पण तो वाळेचना, म्हणून गरम मेणात रंग कालवला. मेण लगेच थिजतं, त्यामुळे एक फटकारा दुसऱ्यात मिसळत नाही, सगळे वेगवेगळे दिसतात, आणि खाली मेणात बुडवलेले पेपरचे तुकडे अर्धवट वाचता येतात. लांबून झेंडा, जवळ गेलं की बातम्या आणि मेण. मला हे चित्र फार आवडतं, कारण जे आपण रोज बघतो ते आपण बघतच नाही, आणि तो ते बघायला लावतो.

आणि हे सगळं लांबचं समजू नकोस. राउशेनबर्ग १९७५ मध्ये अहमदाबादला आला होता, आपल्या नंदुरबारवरून सुरत लाईनने जातो तेच अहमदाबाद, गांधी आश्रमाच्या कागद कारखान्यात त्याने काम केलं, आणि कागदाचा लगदा, मेथीची पूड, चिंचोक्याचं पीठ असलं कालवून त्याची चिखलासारखी खळ वापरली. आपल्या आज्यांना यात नवल वाटलं नसतं, चिंचोक्याची खळ त्यांना माहितीच होती.

आता तुझ्या कामाचं. तिरंगा नको घेऊस, आपल्या कायद्यात राष्ट्रध्वजावर अक्षरं चालत नाहीत आणि पेपर म्हणजे अक्षरंच. जॉन्सने आकडेही रंगवले, तू देवनागरी ० ते ९ घे, पाटीवर गिरवलेले, ते तुझ्या हातात आहेतच. मेणबत्ती पॅराफिनची असते, ती ठिसूळ, पटकन तडकते, मधमाशीचं मेण घे. पातेलं थेट गॅसवर ठेवू नको, मेण पेट घेतं, पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून वितळव, खिडक्या उघड्या ठेव. कॅनव्हास वाकला की मेणाला भेगा पडतात, प्लायवूड वापर. मधमाशीचं मेण साधारण ६२ ते ६४ अंशांना वितळतं पण मऊ त्याच्या बरंच आधी पडतं, आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ ला टेकतो, तेव्हा चित्र पत्र्याच्या खोलीत किंवा गच्चीवर ठेवू नकोस, तळघर नाहीतर जाड भिंतीची मधली खोली बघ.