डायनासोरच्या हाडाची मूठ असलेला चाकू खरा असतो का? घ्यावा का?

खरा असतो. मी कोलोरॅडोत राहतो आणि फावल्या वेळात अशा मुठी स्वतः घडवतो. हाड आता दगड झालेलं असतं. अमेरिकेतल्या मॉरिसन नावाच्या खडकांच्या थरांमधलं, सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीचं, आतल्या छिद्रांत सिलिका भरून अकीक बनलेलं. भिंगातून पाहा: मधाच्या पोळ्यासारखी जाळी दिसते, पण घरं लहानमोठी, वेडीवाकडी असतात. लाल रंग लोहाचा.

घ्यावा का, यावरून माझं एका जुन्या मित्राशी कायमचं वाजलंय. तो भूशास्त्राचा. आमच्याकडे जेवायला आला तेव्हा मी मोठ्या हौसेने माझा चाकू त्याच्या हातात दिला. पातं उघडूनही न बघता तो म्हणाला, "कुठल्या प्राण्याचं? कुठल्या थरातलं? पुरावा कापलास तू." तेही माझ्या मुलांसमोर.

त्याचा राग कुठून येतो ते मला कळतं. शिकत असताना तो चंद्रपूरकडच्या पिसदुऱ्याला फिरलाय, जिथे डायनासोरची हाडं सापडतात. आपल्याकडे सलग सांगाडे फार कमी, म्हणून तिथला तुकडान् तुकडा मोलाचा. तिथल्या हाडाला मी करवत लावणार नाही, कुणाला लावूही देणार नाही. पण पश्चिम कोलोरॅडो आणि युटामध्ये उतारांवर झिजून सुटलेल्या चुऱ्याचे ढीग पडलेले असतात. मूळ जागा सुटलेली, आकार गेलेला. त्यावरून प्राणी ओळखता येत नाही आणि कुठलंही संग्रहालय ते ठेवून घेत नाही. पाऊस आणि हिमात त्याची खडी होते. माझा तुकडा एका शेतमालकाच्या खाजगी जमिनीतला, त्याच्या लेखी परवानगीने आणलेला. अमेरिकेत सरकारी जमिनीवरून पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांचे जीवाश्म परवान्याशिवाय उचलायला बंदी आहे, २००९ पासून त्यासाठी स्वतंत्र कायदाही आहे, आणि तो मला शंभर टक्के मान्य आहे. जो कायदा पाळून, टाकाऊ चुऱ्यातून हाडाची आतली रचना लोकांच्या हातात देतो, त्याला चोरांच्या रांगेत बसवणं हा अन्याय आहे. हे मी त्याला तेव्हाही सांगितलं, आजही सांगेन.

सांध्याचं टोक शाबूत असलेलं हाड, अख्खा मणका किंवा दात कापणाऱ्याला मात्र मी दारात उभा करणार नाही.

तेव्हा विकणाऱ्याला आधी विचारा, हाड कोणाच्या जमिनीतलं? उत्तर टाळलं तर घेऊ नका, चाकू कितीही देखणा असो.

आणि हो, मुठीवर दगडाच्या पातळ चकत्या धातूवर चिकटवलेल्या असतात. फरशीवर पडला की तडा जातो, त्यामुळे रोजच्या भाजीला हा चाकू नाही. डिशवॉशरमध्ये तर अजिबात नको. मॉरिसनच्याच थरांतून युरेनियमही काढलं गेलंय, काही हाडांत ते उतरलेलं असतं. किरणोत्सर्ग मोजणाऱ्या गायगर काउंटरने तपासलंय का, हेही विचारून घ्या. स्वतः हाड घासून मूठ घडवायचा विचार असेल तर पाण्याची धार सोडून आणि चांगला मास्क लावूनच. सिलिकाची धूळ फुप्फुसं कायमची निकामी करते.