आयन इलेक्ट्रॉन पकडतात तेव्हा क्रॉस-सेक्शन (म्हणजे अशी पकड होण्याची शक्यता, क्षेत्रफळाच्या मापात) मोजताना सगळ्यात अवघड काय असतं, बीम की डिटेक्टर?

दोन्ही नाही. गॅसचा दाब.

लोक डिटेक्टरवर महिनोनमहिने घालवतात आणि दाब मात्र गेजवर दिसेल तो वहीत उतरवतात. आमच्या लॅबमध्ये आर्गॉन ८+ चा (आठ इलेक्ट्रॉन गमावलेल्या आर्गॉनचा) बीम सेलमध्ये, म्हणजे छोट्या डबीत, भरलेल्या हीलियमवर सोडला होता. सेलमधून बाहेर पडलेले ८+ आणि एक इलेक्ट्रॉन पकडून ७+ झालेले आयन प्लेट्सना व्होल्टेज देऊन वेगळे केले, मोजले, सगळं झकास. आकडा आला तो आधीच छापून आलेल्या आकड्यांच्या पाचपटीहून जास्त! सीनियर खूश. पेपरचं शीर्षकसुद्धा ठरलं.

मी विचारलं, दाब कशावर घेतला? हॉट कॅथोड आयन गेजवर, म्हणजे गॅसचे आयन बनवून त्यांवरून दाब सांगणाऱ्या गेजवर. ते गेज नायट्रोजनसाठी कॅलिब्रेट केलेलं असतं. हीलियमचे आयन सहजी होत नाहीत, त्यामुळे ते खऱ्या दाबाच्या जेमतेम ०.१८ पट दाखवतं. (आर्गॉन भरा, उलट जास्त दाखवेल.) गॅस खरा किती ते कमी धरलं, म्हणून क्रॉस-सेक्शन फुगला. यावर उत्तर मिळालं, "अरे, ट्रेंड बघ. ॲब्सोल्यूट आकडा कोण विचारतंय?"

धूमकेतूवाले विचारतात! १९९६ साली ह्याकुताके धूमकेतूमधून क्ष-किरण येताना दिसले. सौरवाऱ्यातले ऑक्सिजन ७+ सारखे आयन धूमकेतूच्या वायूतले इलेक्ट्रॉन पकडतात, त्यातून ते येतात. त्या क्ष-किरणांवरून सौरवाऱ्यात किती आयन होते हे काढायचं तर ट्रेंड घेऊन काय करायचंय?

शेवटी स्टोअरमध्ये पडून असलेला बॅराट्रॉन, म्हणजे पातळ पडद्यावरचा गॅसचा जोर थेट मोजणारा गेज, मीच लावला. त्याला गॅस कुठला याच्याशी देणंघेणं नसतं. आलेख गपगुमान खाली आला. शीर्षक बदललं, माझं नाव आभारात गेलं.

तुम्ही स्वतः मोजणार असाल तर: क्रॉस-सेक्शन १०^-१५ चौ. सेंमी.च्या घरात, सेल १० सेंमी.चा आणि दाब १०^-५ टॉर असेल तर हजारात तीनेक आयनच इलेक्ट्रॉन पकडतील. कमी वाटतात म्हणून दाब चढवू नका, एकाच आयनाच्या दोन-दोन टकरी होतात आणि दाबाबरोबर सरळ चढणारी आलेखाची रेषा वाकते. पाच-सहा दाबांना मोजा, सरळ भागच घ्या. सेल रिकामा ठेवूनही मोजा, उरलासुरला गॅसही इलेक्ट्रॉन देतोच.

हां, बॅराट्रॉनसुद्धा १०^-५ ला डळमळतो, एसी बंद झाला की त्याचा झिरो सरकतो. तेव्हा १०^-४ ला त्याच्यावरून आयन गेज कॅलिब्रेट करून घ्या. बॅराट्रॉनचं हेड ४५ अंशांवर तापवलेलं असतं, त्याची तीन-चार टक्क्यांची दुरुस्ती वेगळी. आणि डिटेक्टर अगदीच सोपा नाही हेही खरं, बीम प्रोटॉनचा असेल तर पकडीनंतर उरतो तो न्यूट्रल अणू, त्याची एफिशियन्सी वेगळी काढावी लागते.

पण पेपरात गेज कुठलं आणि कशावरून कॅलिब्रेट केलं हे लिहिलेलं नसेल तर त्यातला आकडा उचलू नका, लेखक कितीही सीनियर असो.